नऊ दिवसांची रीडिंग्ज

विंडोजचा लोगो आला, खालचे ठिपके दोन फेरे फिरले आणि स्क्रीन निळा पडला. चौथ्यांदा.

"ताई, आता काय?" देसलेसाहेबांनी विचारलं.

देसलेसाहेब नाशिकचे, आमच्या साइटवरचे इन्स्पेक्टर. तेलाची पाइपलाइन आतून किती झिजलीय, हे बाहेरून मीटर लावून मोजायचं त्यांचं काम. मी कतारमधल्या दुखानच्या त्या साइट ऑफिसात आयटी सपोर्टला होते. नऊ दिवस ते उन्हात स्कॅफोल्डिंगवर, म्हणजे लोखंडी परांचीवर, चढून मोजत होते. सगळी रीडिंग्ज याच लॅपटॉपमध्ये.

"सर्व्हरवर टाकली नाहीत?"

"तिकडे नेटवर्क कुठंय? शेवटी एकदम टाकणार होतो. आणि स्कॅफोल्डिंग आज तीनला उतरवायला घेणारेत."

म्हणजे पुन्हा मोजायचं तर वर चढायला काही उरणार नव्हतं. घड्याळात अकरा वाजले होते.

उस्मान, आमचे साइट मॅनेजर, दारातूनच म्हणाले, "वैशाली, फॉरमॅट मारून टाक. यल्ला, चल लवकर!"

"सर, फॉरमॅट केलं तर रीडिंग्जही जातील."

"मग डिस्क काढ, दुसऱ्या लॅपटॉपला लाव."

तेही जमत नव्हतं. कंपनीच्या डिस्कला कुलूप असतं. दुसऱ्या मशीनवर ती उघडायला लांबलचक आकड्यांची किल्ली मागते आणि ती किल्ली दोह्याच्या ऑफिसात. शुक्रवार, ऑफिसला सुट्टी. तिथला माणूस फोन उचलेना.

"स्कॅफोल्डिंगवाल्यांना थांबवता येईल?"

"त्यांना उद्या दुसरीकडे जायचंय. नाही थांबणार," म्हणत उस्मान गेले.

मी माउस, चार्जर, पेन ड्राइव्ह सगळं काढलं. तरी तेच. मग सेफ मोड लावला. त्यात विंडोज अगदी गरजेपुरतंच सामान घेऊन उठतं. अर्धवट उठलं आणि पडलं. तेवढ्यात स्क्रीननेच विचारलं, रिसेट करू? तुमच्या फाइल्स ठेवतो. खरं सांगते, माझं बोट बटणावर गेलं होतं.

पण आधी मोबाइलमध्ये काढलेले निळ्या स्क्रीनचे फोटो एकदा पाहिले. प्रत्येकावर वेगळा एरर. एखादा ड्रायव्हर, म्हणजे आतला एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला असता तर बहुतेक वेळा एकच रडगाणं ऐकू आलं असतं. दर वेळी नवी तक्रार, म्हणजे संशय रॅमवर. रॅम म्हणजे चालू कामापुरती जागा. कायमची साठवण डिस्कमध्ये.

"साहेब, रीडिंग्ज बहुधा शाबूत आहेत," मी म्हटलं. "बहुधा हं."

पाठीमागचे स्क्रू काढले. आत रॅमच्या दोन पट्ट्या. एक काढली, चालू केलं. पुन्हा निळा स्क्रीन. आत राहिलेली पट्टी काढून आधीची एकटीच लावली. लोगो आला. ठिपके फिरले, फिरतच राहिले. मग लॉगिनचा स्क्रीन आला.

देसलेसाहेबांनी पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा उघडलं. फोल्डरमध्ये नऊ फाइल्स, दिवसाला एक. एकेक उघडून पाहिली. सगळ्या नीट. लगेच सर्व्हरवर चढवल्या, वर पेन ड्राइव्हवरही. साडेबारासुद्धा वाजले नव्हते.

साहेबांनी दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात, घरी फोन लावला. "अगं, मिळालं सगळं. हो, सगळं! संध्याकाळी घरी येतो." फोन ठेवून त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि बराच वेळ रुमाल तिथेच धरून ठेवला. मी उगाच स्क्रू मोजत बसले.

तीन वाजता स्कॅफोल्डिंग उतरायला लागलं. उस्मान आभार मानत म्हणाले, "शुक्रन, वैशाली. पण फॉरमॅट जास्त लवकर झालं असतं."

त्यांच्या म्हणण्यात चूक नव्हती. रिसेटही लवकर झालं असतं. पण बिघडलेल्या रॅमवर नवं विंडोज मध्येच कोसळलं असतं आणि सोबत नऊ दिवस घेऊन गेलं असतं. तेव्हापासून माझा नियम एकच. जे परत फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी करायचं, मॅनेजर कितीही घाई करोत.