पडद्याबाहेरचा रकाना

नाहूरच्या आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा होती. बिल्डरचा लॅपटॉपवाला सारखी कॉलर ओढत होता. पडद्यावर स्विमिंग पूलचा भलामोठा फोटो आणि शेजारी तक्ता. नव्या घरांच्या आकाराचा शेवटचा रकाना कापला गेलेला.

"फोटो लहान कर ना रे!" मी ओरडले.

"आजी, फोटोला हात लावायचा नाही, साहेबांनी सांगितलंय."

त्यानं तक्ता दाबून अरुंद केला, तर त्यातली आमची नावंच चेंगरली. तरुणपणीची मी पदर सावरून "छान हो!" म्हणाले असते, बावळट कुठली! आता डोकंच फिरलं.

"मग साहेबालाच बुडव त्या पाण्यात!"

त्यानं दाराकडे पाहिलं आणि फोटो पडद्याबाहेर ढकलला. रकाना दिसला. सगळी घरं आत्तापेक्षा लहान.

"आमच्या कांजूरच्या चाळीलाही हाच फोटो दाखवलेला," तो पुटपुटला.