पंचांसमोरचा गूळ

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मारेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर, भर दुपारी, शासकीय स्थळपाहणी सुरू असताना, देविदास नावाच्या इसमाने पेनाला टोपण लावले आणि संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. सर्वांनी उभे राहून शांतता पाळावी. मी तर पाळलीच.

मी यवतमाळची आर्किटेक्ट. बंगल्यांचे नकाशे काढून पोट भरते आणि तांड्यांच्या जमिनीची प्रकरणं हाती घेऊन झोप घालवते. हा तांडा दोन पिढ्या सरकारी जमिनीवर राहतो. ती जमीन आता लोकांच्या नावावर करायची होती. सरकारी वाट सरळ होती. प्रत्येकाला वेगळा प्लॉट, वेगळा कागद, नमस्कार.

पण शेजारच्या वस्तीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे प्लॉट वेगळे झाले आणि खाणींना जागा मिळवून देणारा राजूसेठ एकेका घरात जाऊन चहा प्यायला. अशी जमीन सहसा विकता येत नाही, पण मुखत्यारपत्र करता येतं. म्हणजे, 'माझ्या वतीनं तूच सही कर.' आज त्या वस्तीत खाणीचे ट्रक उभे राहतात आणि माणसं मारेगावात भाड्यानं राहतात.

म्हणून आम्ही वेगळी मागणी केली. जमीन अख्ख्या तांड्याच्या ट्रस्टची, घर ज्याचं त्याचं. घर सोडायचं असेल तर ते ट्रस्टला द्यायचं, ट्रस्ट वाजवी किमतीत दुसऱ्या गरजू कुटुंबाला देणार. याला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात. नाव ऐकून तहसीलमध्ये माझ्याकडे असं बघितलं गेलं, जणू मी चंद्रावरचा सातबारा मागतेय. शेवटी नायब तहसीलदार मोहरील साहेब म्हणाले, "मॅडम, एकही घर विरोधात नसेल तर मी वर पाठवतो. एक जरी 'नाही' म्हणालं, तर वेगळे प्लॉट."

आणि ते एक घर आमच्यासमोर मान खाली घालून उभं होतं.

"काहून रे?" नायक रामधनकाकांनी पंचांमधून पुढे येत विचारलं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. पंचांना घेऊन निवाडा तेच करतात.

"मी शब्द देऊन बसलो काका. राजूसेठसंग गूळ खाल्ला."

या तांड्यात सोयरीक ठरली की गूळ खातात, भांडण मिटलं की गूळ खातात. गूळ खाल्ला की शब्द पक्का. स्टॅम्पपेपर फाटतो, गूळ परत निघत नाही. राजूसेठ धंद्यातला माणूस. त्यानं आमचा कायदा वाचला नव्हता, पण तांड्याचा बरोब्बर वाचला होता. वेगळा प्लॉट घे, मुखत्यारपत्र दे, बदल्यात मारेगावात मोबाइल दुरुस्तीला गाळा, असा सौदा. तो स्वतः जीपला टेकून उभा होता, लग्नात वरबाप उभा असतो तसा.

मोहरील साहेबांनी फाइल बंद केली. "मॅडम, मी निघतो."

"साहेब, पाच मिनिटं," मी म्हटलं. पाच मिनिटांत काय करणार होते, देव जाणे.

तेवढ्यात देविदासची आई जमनाबाई पुढे आली. प्लॉट मुलाच्या नावावर होणार होता. त्यानं दिला की म्हातारीच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. ती रडेल असं मला वाटलं. ती वकिलासारखी उभी राहिली.

"कुठी खाल्ला गूळ?"

"जीपमंदी, याडी." याडी म्हणजे आई.

"कोण कोण होतं?"

"मी अन् सेठ."

"सेठनं खाल्ला?"

देविदास हळूच म्हणाला, "त्याहीले शुगर आहे म्हणे. रुमालात बांधून ठेवला."

राजूसेठ घाईनं पुढे आला. "अहो काकू, डॉक्टरनं मनाई केली. भावना महत्त्वाची!"

रामधनकाका म्हणाले, "देविदासची सोयरीक झाली तवा त्याच्या सासऱ्यानं भावना खाल्ली होती का गूळ?" मग आवाज चढवून निवाडा दिला, "दोघांनी पंचांपुढं खाल्ला तर शब्द. एकट्यानं जीपमंदी खाल्ला तर तो नाश्ता."

मी टाळी वाजवणार, तोच राजूसेठ हसला. "मग आत्ता खातो, पंचांपुढं! शुगर गेली उडत." आणि त्यानं खरंच रुमाल सोडून गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला. दुसरा देविदाससमोर धरला. "घे. गाळा तयार आहे तुझा."

आता कुठला पंच, कुठला कायदा! हात पुढे होता, गाळा खरा होता. देविदासनं खडा घेतला. आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. घराच्या दाराकडे पाहत होती.

देविदासनं खडा राजूसेठच्या तळहातावर परत ठेवला.

"राहू द्या सेठ. मले बी आताच शुगर झाली."

तांडा असा हसला की झाडावरचे बगळे उडाले. देविदासनं टोपण काढून सही केली. गाळा गेल्याचं दुःख मात्र त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं, ते मी विसरलेले नाही. राजूसेठ गेला, नाश्ता करून.

मग जमनाबाईनं घरातून गुळाची परात आणली. पंचांनी खाल्ला, सह्या करणाऱ्यांनी खाल्ला, मी खाल्ला. सकाळपासून उपाशी असलेल्या मोहरील साहेबांनीही फाइल काखेत धरून एक खडा तोंडात टाकला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मी तर मुळीच नाही.

पुढे प्रस्ताव जिल्ह्याच्या बैठकीत गेला. मंजूर झाला. शिवाय, यापुढे कोणत्याही वस्तीला वेगळे प्लॉट किंवा सामूहिक जमीन, दोन्ही पर्याय समजावून मगच संमती घ्यायची, असंही ठरलं. मला वाटलं होतं, माझे नकाशे पाहून ठरेल. नकाशे कुणी उघडलेही नाहीत. धोरण बदलायचं असेल तर मुद्दे तयार ठेवावेत. पण सरकारच्या बाजूचा एक तरी माणूस आपल्या बाजूला अडकलेला असावा.

कारण त्या बैठकीत तासभर भांडले ते मोहरील साहेब. शेवटी वरिष्ठ वैतागून म्हणाले, "मोहरील, तुम्ही अधिकारी आहात की अर्जदार? एवढं काय अडलंय तुमचं?"

आणि आयुष्यात कधी नियमाबाहेर न बोललेला तो माणूस भर सभागृहात बोलून गेला, "साहेब, पंचांसमोर गूळ खाल्लाय ना मी!"