सात वर्षांची नलिनी

वच्छलाबाईनं अकरा वर्षं आपल्या धाकट्या मुलीला नावानं हाक मारली नाही. मुलगी घरातच होती. चुलीपासून चार हातांवर पाटावर बसून जेवायची.

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात वच्छलाबाईच्या नवऱ्याचे, शेषरावांचे चुलतभाऊ शालिग्राम नैरोबीहून बायकोला घेऊन धामणगाव बढ्याला आले. त्यांचे वडील रेल्वेच्या कामावर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. शालिग्रामांकडे त्या वेळी दोन देशांचे कागद होते, इंग्रजांचे आणि तिथल्या नव्या सरकारचे. दोन वर्षांत त्यांतला एक सोडायचा होता. पोटी मूल नव्हतं. त्यांची बायको सत्यभामाबाई महिनाभर राहिली आणि महिनाभर रोज सात वर्षांच्या कोकिळेची वेणी घालत राहिली. वच्छलाबाईला चार मुली, कोकिळा सगळ्यांत धाकटी. जाऊ काही बोलायची नाही, नुसती वेणी घालायची. शेवटी वच्छलाबाईनंच होकाराची मान हलवली.

मलकापूरला दत्तकाचा दस्त नोंदवला. घरी होम झाला. वच्छलाबाईनं जावेच्या ओंजळीत पाणी सोडलं. सत्यभामाबाईनं मुलीचं डोकं हुंगलं आणि तिच्या कानात नवं नाव सांगितलं, नलिनी. मग कागद झाले की घेऊन जातो म्हणून दोघं बोटीनं परत गेली.

कागद झालेच नाहीत. एक सरकार म्हणे, तुम्ही आधी त्या देशाचे. दुसरं म्हणे, हिंदुस्थानातलं दत्तक आमच्याकडे चालत नाही. शालिग्रामांनी शेवटी एक देश सोडला, तरी काही हललं नाही. दत्तक मोडताही येत नव्हतं. वकिलानं सांगितलं, झालं ते कायमचं.

शेषराव म्हणाले, "राहू दे. पोरगी घरी हाये हे काय कमी हाये?"

"घरी हाये," वच्छलाबाई म्हणाली, "पण आपली नाही. म्या पानी सोडलं."

तिचा त्यात राग नव्हता. दिलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढंच तिला माहीत होतं. कोकिळेला ती आधी वाढायची, तिच्या ताटातलं उरलेलं स्वतः खायची नाही, गायीला घालायची. तिच्यावर कधी ओरडायची नाही. थोरल्या बहिणी चिडवायच्या, "पाहुनी आली वो, पाट मांडा!" एकदा कोकिळेनं दुधाचं पातेलं मुद्दाम पालथं केलं आणि तिथंच उभी राहिली.

"मार नं," ती म्हणाली.

वच्छलाबाईनं फडकं आणलं. "पाय उचल. भिजतीन."

"मार नं वो माय."

"काकू म्हनावं," वच्छलाबाई खाली पाहत म्हणाली आणि दूध पुसत राहिली.

नैरोबीहून पत्रं यायची. वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोकिळाच वाचून दाखवायची. खिडकीशी नलिनीची खाट टाकली आहे. नलिनीचं पान रोज मांडतो. नलिनीला इथली केळी आवडतात. कोकिळा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची आणि वाचून झालं की स्वतःच्या हातांकडे बघत बसायची.

पहिल्याच हिवाळ्यात पत्र आलं, नलिनीचा डावा कान फार दुखतो आहे, रडरड रडते. कोकिळेचा डावा कान जन्मापासून थंडीत दुखायचा. त्या हिवाळ्यात तो दुखला नव्हता. पुढे कधीच दुखला नाही.

वच्छलाबाईनं त्या पत्राची घडी घातली आणि पेटीत दस्ताखाली ठेवली.

दर दिवाळीला नैरोबीहून फ्रॉक यायचा. पहिल्या वर्षीचा घालून फाटला, दुसऱ्या वर्षीचा आखूड झाला, तिसऱ्या वर्षीचा डोक्यातून गेला नाही. चौथाही त्याच मापाचा. बाई माप विसरली असेल, असं शेषराव म्हणायचे. ते फ्रॉक कोणी घातले नाहीत. खुंटीवर एकावर एक लटकत राहिले आणि वाऱ्यानं सगळे एकाच वेळी हलायचे. शालिग्राम मधेच वारले. पत्रं मात्र थांबली नाहीत.

पंच्याहत्तरमध्ये कोकिळेचं लग्न देऊळघाटच्या मुलाशी ठरलं. वैशाखातली तारीख निघाली आणि वच्छलाबाई अडून बसली.

"म्या कन्यादानाले बसनार नाही."

"काऊन?" शेषराव म्हणाले.

"एकदा दिली तिले. दुसऱ्याची पोरगी म्या कोन्या हातानं देऊ? लग्न नासन."

"मग व्याह्याले काय सांगू? पोरीले माय नाही म्हनून?"

"हाये नं माय. तिले इचारा."

मग नैरोबीला पत्र गेलं. वच्छलाबाईच्या नावानं कोकिळेनंच लिहिलं, की नलिनीचं लग्न ठरलं आहे, तुम्ही या, नाहीतर मला तुमच्या वतीनं पाणी सोडायची परवानगी द्या. मांडवाच्या बल्ल्या आल्या, तरी उत्तर नव्हतं. वच्छलाबाई पोस्टमनची सायकल दिसली की उभी राहायची.

चार दिवस उरले असताना पत्र आलं. कोकिळेनं ओट्यावर उभ्यानं वाचलं.

"वच्छला, हे कसलं अभद्र लिहितेस? नलिनी सात वर्षांची आहे. आत्ता माझ्या मांडीवर बसली आहे. तिचं कसलं लग्न? असलं पुन्हा लिहू नकोस, लेकरू घाबरतं."

शेषराव खाली बसले. "बाईचं डोकं फिरलं," ते म्हणाले.

वच्छलाबाईनं कागद हातात घेतला. वाचता येत नसतानाही बराच वेळ बघितला. मग खुंटीवरच्या फ्रॉकांकडे बघितलं. दहा होते, सगळे एका मापाचे.

"डोकं नाही फिरलं," ती म्हणाली. "म्या दिली ते तिथंच हाये. सात वर्षांचीच." आणि मग ती मोठ्यानं म्हणाली, "कोके."

कोकिळेनं आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का ते.

"तुलेच म्हनते. हे वाढलेली माही हाये." वच्छलाबाईनं तिला दंडाला धरून चुलीपाशी नेलं, आपल्या ताटात जेवायला बसवलं आणि अर्धी भाकर मोडून दिली. कोकिळा खात होती आणि रडत होती. तिच्या पाठीत एक धपाटा बसला. "नीट खाय."

कन्यादानाला वच्छलाबाई शेषरावांच्या शेजारी बसली. पाणी तिनं स्वतःच्या हातानं सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. बाहेर गाडी जुंपली होती. वच्छलाबाईनं मुलीला कोपऱ्यात ओढलं आणि हातात पोस्टाचा कागद दिला.

"जाता जाता एवढं लिहून दे. जावेले लिही, लेकराचा डावा कान थंडीत दुखते. कोमट तेल घालत जा, कापूस लावत जा."

"माय, माहा कान कधीचा दुखत नाही."

"तुहा नाही," वच्छलाबाई म्हणाली. "तिचा."

कोकिळेनं लिहिलं. खाली नाव कोणाचं घालायचं, ते तिनं विचारलं.

"तिची माय म्हनून लिही," वच्छलाबाई म्हणाली. मग थांबली. "नाही. काकू लिही."