वीरभद्रप्पांच्या सुकन्येची स्की

पडदा वर जातो. मागे हिमालय आहे, आणि तो रंगवलेला नाही. समोर पांढरा उतार, रात्रभर गोठून काचेसारखा चकाकणारा. एका बाजूला देवदारांची रांग, दुसऱ्या बाजूला लाकडी कोठार. उजाडलं आहे, पण ऊन अजून शिखरामागेच अडकलेलं. कोठाराच्या दारात लाल जाकीट घातलेली एक सडसडीत मुलगी उभी आहे. जाकीट स्की शिकवणाऱ्या संस्थेचं, तिच्या मापाचं नाही. भिंतीला टेकवलेल्या स्कींकडे ती असं बघते आहे, जशी एखादी नवखी नटी विंगेतून भरलेल्या थिएटराकडे बघते.

ही सुकन्या. औसा तालुक्यातले किराणा दुकानदार वीरभद्रप्पा, त्यांची एकुलती एक. साल दोन हजार सहा, ठिकाण गढवालातलं औली. शिट्टी झाली की परीक्षा, आणि शिट्टीच्या आत तिला एक जोडी निवडायची आहे.

ही हकिगत मला तिच्याच तोंडून ऐकायला मिळाली. आम्ही नाटकवाले थोडी सजावट करतो, पण इथं करण्याजोगं फार काही नव्हतंच.

लातूरला तेव्हा क्लासेसचा जोर चढला होता. गल्लोगल्ली बोर्ड, बोर्डांवर गुणवंतांचे फोटो, आणि गावोगावच्या मुलींनी भरलेली वसतिगृहं. त्यातल्याच एका वसतिगृहावर सुकन्या रेक्टर होती. पहाटे मुलींना उठवायचं, हजेरी घ्यायची, घराच्या आठवणीनं रडणारीच्या शेजारी बसायचं. कॉलेजात एनसीसीतून ती एकदा बर्फात जाऊन आली होती आणि मन तिकडंच ठेवून आली होती. क्लासच्या सरांनी रजा दिली ती बजावून.

"एवढ्या बारीला जा. पुन्हा रजा मागितलीस तर तिकडंच राहा म्हणं."

औलीच्या या स्की-कोर्सच्या परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर पुढच्या कोर्सला प्रवेश, आणि तो झाला की शिकवायची नोकरी. ब मिळाली तर परत हजेरी. उतारावर जो पडेल त्याला ब, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

आणि आदल्या दिवशीच्या सरावात सुकन्या पडली होती. एकदा नाही, सारखी.

कोठारात स्की तीन तऱ्हेच्या होत्या. एक अरुंद, लांब, ताठ. कडक बर्फाला ती घट्ट धरते, पण मऊ बर्फात रुतते. दुसरी रुंद आणि पिसासारखी हलकी. मऊ बर्फावर ती होडीसारखी तरंगते, कडक बर्फावर मात्र थरथरत बाजूला सरकते. तिसरी मधली. बुटाखालचा भाग फार अरुंद नाही, फार रुंद नाही, आत धातूचा थर, म्हणून वजनाला जड. तिथले गढवाली प्रशिक्षक फौजेतून आलेले, सगळे त्यांना उस्तादच म्हणत. ते म्हणायचे, "सुबह ये बर्फ लोहा है, धूप लगी तो नीचे हलवा. जो दोनों में चले, वो लो."

सगळ्यांनी मधली घेतली. सुकन्येनं हलकी.

तिला उमजत नव्हतं असं नाही. पण जड वस्तू दिसली की ती हात मागं घेई. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. गणपती बोळवून गाव झोपलेलं, आणि पहाटे दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद खाली आलं. सुकन्येचा डावा पाय दगडाखाली सापडला. वीरभद्रप्पांनी हातांनी उकरून तिला काढलं. तिची अव्वा, म्हणजे आई गंगम्मा, निघाली नाही.

त्यानंतर आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी वजनाशी वैर धरलं. वीरभद्रप्पा पत्र्याच्या शेडात राहिले, त्यातच दुकान मांडलं. फळीवर पापड आणि उदबत्त्या, मिठाची पोती जमिनीवर. घरात फोटोला काच नाही. सुकन्या रेल्वेत बसली की वरच्या बर्थवर कोणाची ट्रंक ठेवू देत नसे, भांडण झालं तरी चालेल. हलकं ते भलं, जड ते घातकी, हे तिच्या हाडात उतरलेलं होतं. पहिल्यांदा कोठारात गेली तेव्हा तिनं एका हातानं उचलून बघितलं, आणि जी सहज उचलली गेली ती घेतली. उस्तादांना मात्र सांगितलं, डावा घोटा आखडतो, जड स्की झेपणार नाही.

तर आता परीक्षेची सकाळ. पुढं काय घडतं ते बघा.

सुकन्या मधली जोडी उचलते. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवते. नखाचा पांढरा कीस निघतो. कड धारदार आहे. टोक जमिनीला टेकवून मधोमध दाबते; स्की वाकते आणि शांतपणे सरळ होते. सगळं ठीक आहे. ती जोडी परत भिंतीला टेकवते आणि हलकी उचलते.

दारात तूबा येऊन उभी राहते. तूबा याच कोर्सची, नांदेडची, देगलूर नाक्याला वडिलांचं शिलाईचं दुकान. जीभ कात्रीसारखी, मन साखरेचं.

"काय गं, स्की निवडायलीस का नवरा?"

"गप गं."

"अन् पुन्हा तीच फडफडी? काल तिच्यावरून किती खेपा आपटलीस, आठवून बघ जरा. माझीच कंबर दुखायली बघून बघून."

"ती जड हाय तूबा. हातात धरली की जीव घाबरतो."

"अगं अल्ला! डोक्यावर घेऊन जायचीय का? पायाला बांधायचीय ना?"

बाहेर शिट्टी वाजली.

सुकन्या हलक्या जोडीकडे बघत राहिली. तूबा सहज बोलून गेली होती, पण असं आजवर तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिनं हलकी जोडी ठेवली, मधली खांद्यावर टाकली. खांद्यावर वजन आलं तसे तिनं डोळे मिटून घेतले, आणि बाहेर पडेपर्यंत श्वास सोडला नाही.

वर रांग लागली होती, आणि नंबर येईतो ऊन चांगलंच वर आलं होतं. तूबाचा नंबर आधी. ती झोकात निघाली, कडक बर्फ पार केला, खाली ऊन लागून नरम झालेल्या पट्ट्यात शिरली आणि गपकन बसली. उठून तिनंच टाळ्या वाजवल्या.

मग सुकन्या.

उतारावर रोवलेल्या पहिल्या झेंड्याशी डावा पाय मागं राहिला. स्की खरंच जड होती. घोट्यात कळ गेली, वळण उशिरा आलं. उस्तादांनी मान वर केली. सावलीतला बर्फ पुढं होता, कालचा वैरी. सुकन्येनं गुडघे वाकवले आणि सगळा भार कडेवर टाकला. काल इथं खडखड झाली होती. आज नुसती खर्र अशी बारीक रेघ उठली, आणि स्की धरून राहिली. दुसरा झेंडा. तिसरा. डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी वाहत होतं आणि दिसत काहीच नव्हतं, असं ती म्हणाली.

मग उन्हाचा पट्टा. कडक जमिनीवरून चिखलात गाडी जावी तसा मऊ बर्फानं पाय धरला. अंग पुढं फेकलं गेलं. डावी स्की बुडाली, उजवी तरंगली, सुकन्या एका बाजूला कलली, कलत गेली, हात बर्फाला लागला. वर उभ्या पोरींनी एकदमच "गेली!" म्हटलं. डावी स्की हळूहळू वर आली, आणि सुकन्या वेडीवाकडी, पण उभ्यानं शेवटच्या झेंड्यापार गेली.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे उस्तादांकडे बघत होते. हात टेकला म्हणजे पडली का?

उस्ताद सावकाश चढून त्या जागेपाशी गेले आणि वाकून बघत बसले. सुकन्या खाली काठ्यांवर रेलून उभी. तूबा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. उस्तादांचं बघणं संपत नव्हतं. अखेर ते ताठ झाले, वरूनच ओरडले.

"हाथ का निशान है! कमर का नहीं! ए ग्रेड!"

तूबानं अशी आरोळी ठोकली की उस्तादांनी तिला शिक्षा म्हणून सगळ्यांच्या स्की पुसायला लावल्या. ती पुसताना गात होती, म्हणे.

दुपारी दोघी जोशीमठला उतरल्या. बाजारात फोनचं बूथ होतं. गावी शेजारच्या दुकानात फोन लागला, कोणीतरी पळत जाऊन वीरभद्रप्पांना बोलावून आणलं. ते धापा टाकत आले.

"सुकन्या? काय झालं गं? पडलीस का? पाय बरा हाय ना?"

"अप्पा, अ मिळाली."

पलीकडून नुसता श्वास, आणि मधूनच घशातून निघालेला एक आवाज. तूबा कान लावून उभी होती, तिलाही कळेना. सुकन्येनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"पडले न्हाई अप्पा, नुसता हात टेकला. अन् तुम्ही हसायलाव का रडायलाव, ते आधी सांगा."