मावशींच्या जागी कॅसेट

अन्याय झाला तो मावशींवर. १९९७ च्या एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या रविवारी, कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, आपल्या सगळ्यांच्या देखत. दरवर्षी त्रिसरण-पंचशील त्या म्हणत आणि त्यांच्यामागून आपण म्हणत असू. त्या वर्षी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि माइकसमोर कॅसेट प्लेअर ठेवला. कारण कुणी जाहीर केलं नाही. मी करते. मावशी गांजा घेत होत्या.

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. नागपूरहून एमएस करायला आले तेव्हा विमानतळावर मला घ्यायला त्या आल्या, तेव्हापासून मावशी. नवरा वारलेला, मुलगा कॉलेजच्या होस्टेलवर. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायच्या आणि रविवारी आपल्या पोरांना गोळा करून वंदना शिकवायच्या. पोरं इंग्रजीत कुरकुर करत, पण शिकत.

त्या हिवाळ्यात त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि पोटात काही ठरेना. पाणीसुद्धा उलटून पडायचं. उलटीच्या गोळ्या बदलून झाल्या. वजन असंच उतरत राहिलं तर केमो थांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशींचं म्हणणं एकच होतं, एप्रिलमध्ये जयंतीला उभं राहून पंचशील म्हणता आलं पाहिजे. बाकीचं नंतर बघू.

मग एके दिवशी त्याच डॉक्टरीणबाईंनी, लिंबूपाणी घेऊन बघा म्हणावं इतक्या सहज, गांजा घेऊन बघा म्हणून सांगितलं, कुठे मिळतो तेही सांगितलं. आदल्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या लोकांनी चक्क मतदान करून आजारी माणसाला डॉक्टरच्या सल्ल्यानं तो वापरायची मुभा दिली होती. मी नागपुरात वस्तीतल्या दारूच्या दुकानाविरुद्ध पत्रकं लिहिलेली, सायक्लोस्टाइल करून दारोदार वाटलेली मुलगी. सरळ सांगितलं, मावशी, असल्या ठिकाणी मी गाडी नेणार नाही. त्यावर मुलाचा होस्टेलवरून फोन आला. ‘आई, इट्स नो बिग डील,’ म्हणाला, त्यानं काहीही होत नाही. त्याला हे कसं ठाऊक, ते मावशींनी विचारलं नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी मावशींना बाथरूममध्ये फरशीवर बसलेलं पाहिलं. उठायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली.

ओकलंडमध्ये एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती जागा होती. मी अड्डा डोळ्यांसमोर आणला होता. निघाली दवाखान्याची वेटिंग रूम. जुने सोफे, कुंड्या, विणकाम करणारी एक म्हातारी, एड्सनं काडी झालेली तरुण पोरं, व्हीलचेअरवरचा एक माणूस. कुणी कुजबुजत नव्हतं. काउंटरवरच्या पिकल्या केसांची शेंडी बांधलेल्या बाप्यानं डॉक्टरांचं पत्र वाचलं, डॉक्टरांकडे फोन करून खात्री केली आणि मगच बोलायला लागला. ओढायचं नसेल तर लोण्यात शिजवून घ्या, म्हणाला. मावशी मला म्हणाल्या, ‘तुपात चालेल का, विचार.’ त्याला तूप माहीत नव्हतं. मग मावशींनीच त्याला लोणी कढवण्यापासून सगळं इंग्रजीत समजावलं. मागे रांग थांबलेली. तो मन लावून ऐकत होता.

घरी मंद आचेवर तूप केलं, गाळलं. मऊ भातावर लहान चमचाभर. मावशी जेवल्या, आणि थोड्या वेळानं लोणचं मागितलं. लोणचं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

त्यांनी लपवलं काही नाही. जयंती भरवणाऱ्या आपल्या संघाच्या अध्यक्षांचा त्यासाठी फोन आला तेव्हा स्वतःच आनंदानं सांगितलं, आता जेवण जातं, आणि कशामुळे जातं तेही. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा परत फोन. मावशी, यंदा तुम्ही आराम करा.

मी अध्यक्षांच्या घरी गेले. अध्यक्ष मराठवाड्याचे, इंजिनिअर, माणूस वाईट नाही. चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आले. ‘पाचवं शील, नशा न करण्याचं, सगळ्यांना द्यायचं, आणि घरी गांजा? पोरांना काय सांगू?’

मी म्हटलं, औषध आहे सर, कायद्यात बसतं.

‘स्टेटच्या कायद्यात. फेडरलमध्ये आजही गुन्हा आहे. आपल्यातल्या अर्ध्या लोकांचं ग्रीन कार्ड अडकलंय.’

बाईनं पंचशील म्हटल्यावर कुणाचं ग्रीन कार्ड रद्द होतं, मी विचारलं. आणि उन्हाळ्याच्या पिकनिकला बिअरचा कूलर कुणाच्या डिकीतून निघाला होता, तेही विचारलं. ते हसले नाहीत.

‘माझा बाप दारूनं गेला,’ ते म्हणाले. ‘आईनं त्या शीलाला धरून आम्हाला वाढवलं. तू मला कायदा शिकवू नकोस.’

तेव्हा मी गप्प बसले. आता बोलते. त्यांच्या वडिलांच्या दारूनं घरातल्यांचं जेवण बंद पडत होतं, मावशींच्या तुपानं एका बाईचं जेवण सुरू झालं. या दोन्ही गोष्टींना नशा हा एकच शब्द लावून मोकळं होणं याला मी शील म्हणत नाही. आळस म्हणते. माणूस मेला तरी चालेल पण आपलं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे, हा हिशोब आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेला नाही.

तर तो रविवार. मावशी डोक्याला रुमाल बांधून आल्या. कॅसेट कुणासाठी थांबत नाही. लोक पहिली ओळ म्हणत असताना ती दुसरीवर गेलेली. मावशी शेवटच्या पोराची ओळ पुरी होईपर्यंत थांबत असत. बसून राहा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्या उठल्या, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि पाचही शीलं स्पष्ट म्हणाल्या. शेजारच्या बायका खाली बघत होत्या.

परतताना गाडीत मी धुमसत होते. पत्रक काढते म्हटलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, ‘मी नशा कधी केली गं? मी जेवले.’ आणि मग, ‘पुढच्या वर्षी मला म्हणायचंय. असले तर.’

पुढचं वर्ष आलंय आणि त्या आहेत. केमो संपली, केस आखूड का होईना उगवलेत. ते तूप गेल्या शरदातच बंद झालं, गरज उरली नाही म्हणून. पण आजार परत येणार नाही, असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. जयंतीच्या तयारीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि मावशींना अजून कुणाचा फोन नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही होतात. तुम्हाला कारण ठाऊक होतं किंवा विचारता येत होतं. तुम्ही विचारलं नाही. म्हणून आता तुमच्याकडे मागते. बैठकीला या. मावशींनीच पंचशील द्यावं म्हणून हात वर करा. मग अध्यक्षांना बरोबर घेऊन मावशींच्या घरी जा, मागच्या रांगेत का बसवलं होतं ते त्यांच्या तोंडावर सांगा, चूक झाली म्हणा, आणि यंदाचं पंचशील तुम्हीच द्या, अशी त्यांना विनंती करा.