उभ्याने ऐकायचा कागद

आडेबाईंच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, पण कागद वाचायची वेळ आली की त्या माणसाला खुर्चीवरून उठवायच्या. मग तो सरपंच असो की शेळ्या राखणारा. "उठा, उभं राहून ऐका. बसून ऐकलेलं कानातून निघून जातंय, उभ्यानं ऐकलेलं पायात राहतंय." मग चष्मा चढवून अर्जातली एकेक ओळ मोठ्याने वाचायच्या आणि प्रत्येक ओळीला 'व्हय' म्हणवून घ्यायच्या. एक 'व्हय' राहिला तरी त्यांचं बोट अर्ज पाठवायच्या बटणावर जायचं नाही.

मला हे पहिल्याच दिवशी खटकलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण पंचक्रोशीत मला कोणी उठ म्हणालेलं नाही. मी म्हणालो, "बाई, माझा गुडघा दुखतो." त्या म्हणाल्या, "मग भिंतीला टेका काका. पण उभं राहा."

वारंगा फाट्यावर पंक्चरवाला आणि भज्यांचं हॉटेल यांच्यामध्ये त्यांचं ऑनलाइनचं दुकान होतं. तांड्यावरच्या बाई, तिथून बारावी झालेली पहिली मुलगी. प्रिंटरवर आईने भरलेला आरशांचा रुमाल टाकलेला असायचा, जणू आत देव बसलाय. आखातात जाणाऱ्या पोरांचे पासपोर्टाचे अर्ज भरून भरून परदेशाचे नियम त्यांना पाठ झाले होते. कोणी म्हणालं, बाई, हे लई अवघड हाय, तर म्हणायच्या, "जे वाचता येतंय ते अवघड नसतंय. लांब असतंय."

माझं काम लांबचंच होतं. माझा मुलगा माधव मस्कतला एका हॉटेलात इलेक्ट्रिशियन. त्याच हॉटेलात कपडे धुण्याच्या खात्यात बालीची एक मुलगी होती. बाली हे समुद्रातलं बेट, आणि तिथले लोक हिंदू. माधवने फोनवर सांगितलं तेव्हा मी दोनच गोष्टी विचारल्या. मुलगी हिंदू आहे का, आणि बाप काय करतो. बाप भात लावतो म्हणाला. मी म्हणालो, घेऊन ये.

लग्न माझ्या दारात झालं. आमच्यात नवरदेव ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. मी माधवला सांगितलं, गोदावरी लिही. माझ्या आईचं नाव. लग्नपत्रिकेत तेच छापलेलं होतं, ग्रामपंचायतीच्या नोंदणीतही मी तेच घालायला लावलं. ग्रामसेवक म्हणाला, "बाबा, पासपोर्टावरचं नाव लिहावं लागंल." मी म्हणालो, "लग्न माझ्या दारात झालं का पासपोर्टाच्या?" तो नवा होता, मी जुना. माझं चाललं.

सून पर्यटकाच्या व्हिसावर आली होती. त्याची मुदत संपली तेव्हा ती पोटुशी होती, बाळंतपणाला आईकडे गेली. माधव मस्कतला परतला. तिकडे मुलगी झाली. मी फोनवर बजावलं, "बारसं माझ्या दारात व्हईल. तवर नाव ठेवायचं न्हाई." तेव्हापासून आम्ही तिला छकुली म्हणत होतो. बाप मस्कतला, मायलेकी बालीला, आम्ही म्हातारा-म्हातारी डोंगरकड्याजवळच्या शेतात, आणि सगळं घर मोबाईलच्या तीन चौकोनांत. असे सात महिने गेले. एक दिवस बायको म्हणाली, "अवं, लेकरू बसायला लागलं. त्या मोबाईलात त्याला मांडी कुठून मिळायची?"

म्हणून मी आडेबाईंकडे गेलो. माधवने सगळे कागद त्यांच्या मोबाईलवर आधीच पाठवले होते. बाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर तीन रेघा ओढल्या.

"ही पहिली वाट मस्कतची. माधवच्या हुद्द्यावर अन् पगारावर तिथं बायको-लेकरू नेता येत न्हाई, हे त्यानंच इचारून घेतलंय. ही दुसरी, त्यानं बालीला जायचं. बायकोच्या नात्यानं राहायला मिळंल, पण कामाची परवानगी येगळी काढावी लागंल. ही तिसरी, त्या दोघींनी इकडं यायचं. भारतातल्या माणसाची बायको म्हणून राहण्याचा व्हिसा असतो. तिकडच्या आपल्या सरकारच्या कचेरीत अर्ज, इथं आल्यावर हिंगोलीला पोलिसांकडं नोंद, मग मुदत वाढवत जायची. लग्नाला दोन वर्षं झाली की कायमच्या कार्डाचा अर्ज करता येतो. वाट लांब हाय, पण पक्की."

"नांदेडचा एकजण म्हणतो, परत पर्यटक म्हणूनच बोलवा, पुढचं पुढं बघू."

"मग त्याच्याकडंच जा. लिहायचं एक अन् राहायचं एक, ते माझ्याकडून व्हत न्हाई. चोरवाटेनं आणलेली सून दारात उभीच राहती काका, बसत न्हाई."

"अन् लेकराचं?"

"लेकराचा जन्म वर्षाच्या आत आपल्या कचेरीत नोंदला तर ते आपल्या पासपोर्टावर येतंय. वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी, अन् तकलीफ. त्यालाबी आई-बापाच्या लग्नाचा कागद लागतो. द्या तो. अन् उठा."

मी उठलो. त्यांनी वाचलं, "वराचं नाव माधव. व्हय?" "व्हय." "वधूचं नाव गोदावरी. व्हय?" "व्हय." मग त्यांनी दुसऱ्या हातात पासपोर्टाची प्रत घेतली. "नी कादेक सुलास्त्री. ही कोण?"

"तीच की."

"तुमच्यासाठी तीच. सायबासाठी ह्या दोन बाया हायत. एकीचं लग्न झालंय, पण ती जगात न्हाई. दुसरी जगात हाय, पण तिचं लग्न न्हाई."

पंक्चरवाला दारात येऊन ऐकत होता, तो फिदीफिदी हसला. मला राग आला. मी म्हणालो, "मग तिच्या पासपोर्टात गोदावरी करून घ्या. आमच्या घरची सून आमच्याच नावानं येईल."

बाईंनी चष्मा काढला. "काका, तुमची लेक कुठं दिली?"

"सेनगावला."

"सासरचं नाव काय तिचं?"

"वैशाली."

"तुमी काय म्हणता?"

"छबू."

"काहून? सासरच्यांनी तर चांगलं नाव ठेवलंय."

"काहून म्हणजे? माझी लेक हाय ती. नाव मी ठेवलंय."

"बराबर," बाई म्हणाल्या. "अन् कादेकला बाप न्हाई का?"

मी टोपी उचलली आणि बाहेर पडलो. तीन दिवस फाट्याकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी जीपमधून जाताना त्यांच्या दुकानासमोर आलो तर मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. त्या आतून ओरडल्या, "काका, कागद चालत जातो, लेकरू पळत वाढतंय!" जीपमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्या दिवशी संध्याकाळी फोन लागला. सून मांडीवर लेकरू घेऊन खाली बघत काही तरी निवडत होती. मी हाक मारली, "गोदावरी!" लेकराने चटकन मान वळवली आणि हसलं. पोरगी माझा आवाज ओळखते म्हणून मी फुललो. सुनेने मात्र मान वर करायला वेळ लावला. तशी ती नेहमीच लावायची, मला वाटायचं तिकडे फोन उशिरा ऐकू जातो. त्या दिवशी नीट पाहिलं. ऐकू जात होतं. ती हाक तिची आहे हे तिला आठवावं लागत होतं. मग ती हसून म्हणाली, "बाबा, जेवला?" एवढं मराठी ती शिकली होती. मला तर तिचं नाव धड म्हणता येत नव्हतं.

सकाळी दुकान उघडायच्या आत मी शटरपाशी उभा होतो. आडेबाई आल्या, कुलूप काढलं. मी म्हणालो, "ते नाव शिकवा." त्यांनी मला भिंतीपाशी उभं करून नी कादेक सुलास्त्री म्हणवून घेतलं. चुकलं की पहिल्यापासून. पंक्चरवाल्यालासुद्धा पाठ झालं.

मग दुकान बंद करून त्या माझ्याबरोबर आमच्या ग्रामपंचायतीत आल्या. तिथे दहा-बारा माणसं बसलेली. ग्रामसेवकाने खुर्ची पुढे सरकवली. मी म्हणालो, "न्हाई, उभ्यानंच सांगतो. माझ्या सुनेचं नाव नी कादेक सुलास्त्री हाय. गोदावरी मी घालायला लावलं. तुमी बराबर होता, चूक माझी." असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. छत काही पडलं नाही. अर्ज झाला, प्रतिज्ञापत्र झालं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि काही दिवसांनी दुरुस्त दाखला माझ्या हातात आला.

तो घेऊन दुकानात गेलो तेव्हा बाईंनी न सांगताच मी उभा राहिलो. वराचं नाव, व्हय. वधूचं नाव, व्हय. मग त्यांनी खणातून आणखी एक कागद काढला. "हा तुमच्या नातीच्या जन्माचा दाखला, तिकडच्या सरकारचा. नाव नी लुह गोदावरी. नी लुह म्हणजे तिकडं थोरली लेक. व्हय?"

मी भिंत सोडून त्या कागदावर वाकलो. कागदावर नाव घातल्याशिवाय दाखला मिळत नाही, आणि मी नाव ठेवू नका म्हणून बजावलेलं. म्हणून पोरांनी माझ्यापासून ते लपवलं होतं. फोनवरचं ते लेकरू माझ्या आवाजाला नाही, स्वतःच्या नावाला वळलं होतं.

"तुमाला हे कधीपासून ठावं?"

"पहिल्या दिवसापासून. माधवनं धाडलं तवाच वाचलं."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी ग्रामपंचायतीत हसत गेला असता. चूक सांगायला हसत जायचं नसतंय काका. आता बोला, व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी बटण दाबलं.

लेकराची नोंदणी वर्षाच्या आत झाली. व्हिसा आला. माधवने मस्कत सोडलं आणि तिघं नांदेडहून बसने येऊन वारंगा फाट्यावर उतरली. आडेबाई दुकानातून आल्या आणि भर रस्त्यात आधी पासपोर्ट मागितला. शिक्का तपासला, मगच लेकराच्या गालाला हात लावला. "चौदा दिवसांच्या आत हिंगोलीला नोंद करा," एवढंच म्हणाल्या. आज माधवचं डोंगरकड्याला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, आणि कादेक माझ्या बायकोला भात वाफवायला शिकवते. मी तिला कादेकच म्हणतो. हाक मारली की लगेच वर बघते.

त्याच सुमारास फाट्यावरचा रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि आडेबाईंचं दुकान त्यात गेलं. त्या लेकीकडे नांदेडला निघाल्या. मी गेलो तेव्हा शटर निम्मं खाली होतं आणि त्या आरशांच्या रुमालात प्रिंटरच्या तारा बांधत होत्या. मी म्हणालो, "उठा बाई. उभं राहून ऐका."

"मी काहून?"

"उठा म्हणतो ना. गुडघा दुखत असंल तर भिंतीला टेका."

त्या हसत उठल्या. मी खिशातून बारशाची पत्रिका काढली. लेकरू चालायला लागलं होतं आणि आम्ही बारसं करत होतो, गाव हसत होतं, हसू दे. चौथीच्या वाचनाने एकेक अक्षर जोडत मी वाचलं, "माधव आणि कादेक यांची कन्या. व्हय?" "व्हय." "नाव गोदावरी. व्हय?" "व्हय." मग शेवटची ओळ आली. आमच्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. मी वाचलं, "नाव ठेवणार आत्या, छबू आणि आडेबाई."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. माझ्या हातातून पत्रिका घेऊन ती ओळ स्वतः वाचून पाहिली. माझ्या वाचनावर त्यांचा भरवसा नव्हता.

"चूक तर न्हाई ना काही?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बोला. एकबी ओळ सोडायची न्हाई, तुमीच सांगितलंय."

त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "व्हय."