काकूंच्या फॅनची बॅटरी

बॅटरीच्या दुकानात भंगार साचत नाय एवढे किस्से साचतात. भंगार निदान भंगारवाला तरी उचलून नेतो! मुकुंदवाडीतल्या आमच्या दुकानात नवरा पाने-पकडी सांभाळतो आन् मी गिऱ्हाईक. सगळ्यात जास्त किस्से दिले ते साळवे काकांनी.

काका वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाले आन् जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधी घरच केलं. पलंग, ओटा, फ्रीज, फॅन. काकूंना घेऊन भारत फिरायचा! काकूंची अट एकच.

"झोपताना फॅन पाहिजे. एक रात्र जरी घामात काढली, तर परत त्या डब्यात पाय ठेवणार नाय."

*

काका म्हणले, "इंजिनाला बॅटरी आहेच की. तिच्यावरच लावू फॅन!"

मी म्हणलं, "काका, ती गाडी चालू करताना एक जोराचा धक्का देती आन् मग नुसती आराम करती. रात्रभर राबायला दुसरी लागती, डीप सायकल म्हणतात तिला."

काका हसले, "म्हणजे पहिली माझ्यासारखी!"

मागून काकू, "तुम्ही धक्का तरी कुठं देता?"

*

काकांनी डीप सायकल नेली, ती थोड्याच दिवसांत बंद पडली. झाकण उघडून बघते तर आत भलतंच पाणी.

"काका, डिस्टिल्ड वॉटर टाका म्हणून सांगितलं होतं ना?"

"अगं, चांगलं फिल्टरचं टाकलं. आम्ही पितो तेच!"

"तुम्ही काय बॅटरी आहात का?"

*

दुसरी बॅटरी घेतली. खंडेनवमीला काकांनी तिची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं झकास. आन् नारळ थेट बॅटरीवरच फोडला! बॅटरीला तडा, ॲसिड खाली, आन् शेजारी ठेवलेल्या काकूंच्या हिमरू शालीची चाळणी!

काका वॉरंटीचं कार्ड घेऊन हजर. "देवाचं काम होतं गं!"

मी म्हणलं, "मग क्लेम बी देवाकडंच करा!"

*

तिसरी देताना माझ्या नवऱ्यानं लई बजावलं, "काका, चार्जिंग अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका. लवकर मरती."

पहिली ट्रिप वेरूळची. परत येताना गाडी सरळ दुकानापुढं लावली. काका छाती फुगवून म्हणले, "बघ, फुल्ल नेली, फुल्ल आणली!"

मागून काकू उतरल्या. केस कपाळाला चिकटलेले, ब्लाऊज घामानं ओला.

"फुल्लच राहणार! फॅनच्या बटणावर हात ठेवून बसले होते. लावू दिला तर ना!"

माझा नवरा गुपचूप आत सटकला.

काकू माझ्याकडं वळल्या. "ह्यांना सांग, आता बॅटरीलाच फिरवून आणा म्हणावं."

*

परवा गाडी कोकणात गेली. गाडी चालवायला पुतण्या, मागं काकू आन् त्यांची बहीण. काका आमच्या दुकानात स्टुलावर. दुपारभर चुळबुळ केली आन् शेवटी फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, बॅटरी किती उरली?"

पलीकडून फॅनची मस्त घरघर ऐकू येत होती.

"कुणी बघितलं? मीटरवर टॉवेल वाळत घातलाय. तुम्ही जेवून घ्या."